सोल्चावा आणि तिथलं मारिया स्नेझ्ना चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रियातल्या ग्राझला राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला मी सोल्चावाला घेऊन गेलेय, आणि परत गेल्यावर त्यांच्या ओळखीतले लोक मला मेसेज करून तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. कुणी युरोप ट्रिप प्लॅन करत असेल तर आधी हे वाचा, मग विचारा.

हे सोल्चावा नक्की आहे कुठे?

स्लोव्हेनियाच्या उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या बॉर्डरला अगदी चिकटून. साविन्या नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात वर वर जात राहिलं की सगळ्यात शेवटचं गाव हे. एका बाजूला कामनिक-साविन्या आल्प्स, दुसऱ्या बाजूला कारावांके डोंगररांग, मध्ये फटीसारखी दरी आणि त्या दरीत साधारण ६४० मीटर उंचीवर हे गाव. गावाच्या नावाचीच नगरपालिका आहे, तिच्यात लोगार्स्का दोलिना, रॉबानोव कोत, पोदोल्शेवा असा सगळा परिसर येतो आणि हे सगळं धरून माणसं किती, तर पाचशेच्या आसपास. आपल्याकडे एका सोसायटीत याहून जास्त राहतात! क्षेत्रफळ मात्र शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे माणसांपेक्षा डोंगर आणि जंगलच जास्त.

नावाचा उच्चार काय करायचा?

लिहितात सोल्चावा, पण तिथली माणसं बोलताना 'सोउचावा' म्हणतात, कारण स्लोव्हेनियन भाषेत व्यंजनाच्या आधी आलेला 'ल' बऱ्याचदा 'उ' सारखा होतो. जुन्या जर्मन नकाशांवर सुल्झबाख असं नाव सापडेल, ते हेच गाव. मी खाली सोल्चावाच लिहिणारे कारण बोर्डावर तेच दिसणार.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हे आवडेल. स्लोव्हेनियन भाषेत अजूनही द्विवचन आहे. एकवचन, द्विवचन, बहुवचन, तिन्ही, आणि ते पुस्तकात नाही तर रोजच्या बोलण्यात. आम्ही दोघं असलो तर 'मिद्वा', जास्त जण असलो तर 'मी'. मला हे कळलं तेव्हा रामः रामौ रामाः आठवून अंगावर काटा आला होता, इतक्या लांब डोंगरात ते जिवंत आहे म्हणून.

चर्चचं नाव मारिया स्नेझ्ना, म्हणजे काय?

बर्फाची मरिया माता. यामागे रोमची एक जुनी दंतकथा आहे. चौथ्या शतकात, ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, एका रात्री रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर बर्फ पडला आणि मरिया मातेने स्वप्नात येऊन सांगितलं की जिथे बर्फ दिसेल तिथे चर्च बांधा. तिथेच पुढे सांता मारिया माज्जोरे हे प्रचंड मोठं चर्च उभं राहिलं असं मानतात. त्या बर्फाची तारीख ५ ऑगस्ट, म्हणून बर्फाच्या मरियेचा सण जगभर ५ ऑगस्टला.

आता गोव्याकडच्या लोकांसाठी. सासष्टीतल्या राय गावचं चर्च पण याच बर्फाच्या सायबिणीचं आहे आणि तिथे ५ ऑगस्टलाच कणसांचं फेस्त होतं, नव्या भाताची कणसं कापून चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात. म्हणजे राय गावात पावसात भिजलेल्या शेतातून कणसं येत असतात त्याच दिवशी सोल्चावात डोंगरातले लोक त्याच मातेचा सण करत असतात. गोव्यात कधी बर्फ पडला नाही आणि सोल्चावात थंडीभर बर्फच बर्फ. मला ही गोष्ट खूप जवळची वाटते, प्रत्येकाला सांगते.

चर्च किती जुनं आहे? आत बघण्यासारखं काय?

आत्ता जी इमारत दिसते ती गॉथिक शैलीतली, पंधराव्या शतकातली. पण खरा ठेवा इमारतीपेक्षा जुना आहे. मरिया माता मांडीवर बाळ घेऊन बसलीये अशी लाकडाची मूर्ती आहे, तेराव्या शतकातली, सोल्चावाची मरिया म्हणूनच तिला ओळखतात. स्लोव्हेनियातल्या सगळ्यात जुन्या लाकडी मूर्तींमध्ये ती मोजतात. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते शतक, आणि तेव्हाचं लाकूड अजून टिकलंय, तेही कुठल्या म्युझियमच्या एसीत ठेवून नाही तर अशा गावात जिथे रस्तासुद्धा नव्हता, आग, लढाई, पूर सगळं येऊन गेलं.

माझं म्हणणं एवढंच की आत गेल्यावर लगेच मोबाईल काढू नका. आधी पाच मिनिटं बसा. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की मग मूर्तीकडे बघा. गॉथिकच्या आधीच्या, रोमनेस्क पद्धतीच्या मूर्ती ताठ बसलेल्या असतात, राणीसारख्या, आणि पुढच्या गॉथिक मूर्तींत आई बाळाकडे वळते, हसते. ही त्या दोन काळांच्या मधली. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा खूप वेळ उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "ही तर बाळंतघरातली बाई वाटते, दमलेली पण शांत." मला त्याहून चांगलं वर्णन अजून सुचलेलं नाही.

हे पॅरिश चर्च आहे म्हणतात, म्हणजे वेगळं काय?

वसईकडचे वाचक असतील तर त्यांना लगेच समजेल, पॅरिश म्हणजे आपला धर्मग्राम. बारसं, लग्न, अंत्यविधी, सगळ्याच्या नोंदी तिथे होतात. स्लोव्हेनियन शब्द 'झुप्निया' आणि तिथल्या फादरना 'झुप्निक'. डोंगरात आणखी छोटी चर्च आणि चॅपल असतात पण ती या मुख्य चर्चला जोडलेली. उदाहरणार्थ वर पोदोल्शेवात सुमारे १२०० मीटर उंचीवर पवित्र आत्म्याचं चर्च आहे, 'स्वेती दुह', तिथून समोर सगळी डोंगररांग एका नजरेत दिसते. हा सगळा धर्मग्राम आता त्सेल्ये धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखाली येतो, तो धर्मप्रांत २००६ मध्ये नवीन झाला, त्याआधी मारिबोरकडे होता.

आणि त्याच्याही खूप आधी या वरच्या साविन्या खोऱ्याचं केंद्र गोर्न्यी ग्राद होतं. तिथे ११४० मध्ये बेनेडिक्टाइन साधूंचा मठ सुरू झाला आणि खोऱ्यातल्या जमिनी त्यांच्याकडे होत्या. १४६१ मध्ये लुब्लियाना (आजची स्लोव्हेनियाची राजधानी) धर्मप्रांत स्थापन झाला, मग काही वर्षांतच मठ बंद होऊन ते सगळं बिशपकडे गेलं. लुब्लियानाहून येताना गोर्न्यी ग्राद वाटेतच लागतं, एवढ्याशा गावात एवढं अवाढव्य चर्च का असा प्रश्न पडेल, उत्तर हेच.

चर्च गावाच्या मध्ये नाही, कड्यावर का आहे?

घरं खाली नदीजवळ आणि चर्च वर खडकावर. पांढऱ्या भिंती, टोकदार मनोरा, गावात कुठेही उभे राहा, दिसतंच. का बांधलं तिथे हे मी कुठल्या कागदाच्या आधारावर सांगत नाहीये, पण एकदा त्या दरीत उभं राहिलं की लक्षात येतं. सपाट जागा म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतकी, ती शेताला आणि घराला लागते. आणि नदीचा भरवसा नाही. आपल्याकडे कोकणात जुनी देवळं पुराच्या रेषेच्या वर असतात तसंच हे.

पुराचं काय झालं होतं? बातम्यांत नाव ऐकलं होतं

हो, ऑगस्ट २०२३. ३ तारखेच्या रात्री पाऊस सुरू झाला आणि ४ तारखेला स्लोव्हेनियाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पुराच्या तडाख्यात सापडला. स्वतंत्र झाल्यापासून देशाने पाहिलेली सगळ्यात मोठी नैसर्गिक आपत्ती. वरच्या साविन्या खोऱ्यात तर हाल झाले. खालच्या लूचे गावापासून सोल्चावापर्यंतचा रस्ता नदीने अक्षरशः खाऊन टाकला, रस्ता गेला आणि त्या जागी नदी वाहायला लागली. सोल्चावाचा संपर्क तुटला, हेलिकॉप्टरने मदत पोचवावी लागली.

तारीख परत बघा, ४ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी गावाच्या मातेचा सण. ज्या दिवशी बाहेरगावची मुलंबाळं, पाहुणे घरी यायचे त्या दिवशी गावात यायला रस्ताच नाही. २०२१ ला चिपळूणमध्ये माझ्या मामाच्या घरात पाणी शिरलं होतं त्यामुळे असं काही वाचलं की मला नुसती बातमी म्हणून वाचता येत नाही, चिखल काढायला किती दिवस जातात ते माहितीये, आणि वास त्याहून जास्त दिवस राहतो.

मग आता जाता येतं का?

येतं. रस्ता सुरू आहे. पण नदीकाठची दुरुस्तीची कामं हा एका वर्षात संपणारा विषय नाही, त्यामुळे मधे कुठे सिग्नल लावून एकेरी वाहतूक वगैरे असू शकते, निघायच्या दिवशी मॅप बघा आणि अर्धा तास जास्तीचा धरा. आणि प्लीज जा. अशा गावांना पर्यटक येणं थांबलं की पुरानंतरचा दुसरा फटका बसतो.

पोचायचं कसं?

भारतातून लुब्लियानाला डायरेक्ट फ्लाइट नाही. व्हेनिस, झाग्रेब, ग्राझ, व्हिएन्ना यापैकी कुठेही उतरून येता येतं. व्हिसा शेंगेन, चलन युरो.

लुब्लियानाहून गाडीने दीड तासाच्या आसपास, कामनिकवरून चर्निवेत्स घाट (९०२ मीटर) ओलांडून गोर्न्यी ग्राद, मग लूचे, मग सोल्चावा. आम्ही ग्राझहून येतो तेव्हा हायवेने त्सेल्येच्या पुढे जाऊन मोझिर्ये मार्गे, अडीच तास लागतात. हायवेवर यायचं असेल तर ई-विन्येता म्हणजे ऑनलाइन टोल पास आधीच घ्या, विसरलात तर दंड मोठा आहे. ऑस्ट्रियातून पाव्लिचेवो सेद्लो नावाच्या खिंडीतूनही रस्ता आहे, १३३९ मीटर, दृश्य अप्रतिम पण हिवाळ्यात बंद असतो.

बस आहेत पण फार कमी, शनिवार-रविवारी अजून कमी. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर गाडीच भाड्याने घ्या.

आधी रस्ताच नव्हता म्हणालात, ते कसं?

लूचे आणि सोल्चावाच्या मध्ये साविन्येची घळ आहे, दोन्ही बाजूंना कडे. तिथे 'इग्ला' म्हणजे सुई नावाचा एक सुळका उभा आहे आणि जुनी पायवाट त्या सुळक्याच्या आणि कड्याच्या मधल्या अरुंद फटीतून जायची. डोक्यावर, पाठीवर, खेचरावर जेवढं मावेल तेवढंच आत यायचं, तेवढंच बाहेर जायचं. गाडीरस्ता झाला १८९४ मध्ये. म्हणजे चर्चचे दगड, लाकूड, घंटा, जे काही शतकानुशतकं वर चढलं असेल ते त्या वाटेने किंवा डोंगर ओलांडून. इग्लाजवळ रस्त्याकडेला थांबायला जागा आहे, थांबा आणि ती फट बघा, मग चर्च बघताना वेगळं वाटतं.

रस्त्याच्या आधीपासून इथे येणारा एक माणूस म्हणजे योहानेस फ्रिशाउफ, ग्राझच्या विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक. १८७० च्या दशकात त्याने या डोंगरांत वाटा शोधल्या, आखल्या, लिहिलं, लोकांना बोलावलं. वर ओक्रेश्ल्यच्या डोंगरी धर्मशाळेला त्याचंच नाव दिलं गेलं. ग्राझचा माणूस म्हणून मला त्याचा उगाचच अभिमान वाटतो.

युद्धात गावाचं काय झालं?

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य आलं आणि हा सगळा भाग जर्मनीला जोडून टाकायचं ठरलं. स्लोव्हेनियन भाषा शाळेतून बंद, चर्चमधून बंद, फादर आणि शिक्षक यांना धरून हद्दपार केलं. आपल्या गावच्या चर्चमध्ये आपल्या भाषेत प्रार्थना करायची नाही म्हणजे काय हे विचार करून बघा. १९४४ च्या उन्हाळ्यात पार्टिझान्सनी, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्थानिक बंडखोरांनी, वरचं खोरं मोकळं केलं, पण ते फार दिवस टिकलं नाही, जर्मन परत आले आणि त्याच वर्षी सोल्चावा जाळलं. आज गावातली बरीच घरं फार जुनी का वाटत नाहीत असं कुणीतरी विचारतंच, त्याचं कारण हे.

सगळे लोगार्स्का दोलिनाला जातात, मग सोल्चावाला कशाला थांबायचं?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. लोगार्स्का दोलिना सुंदर आहेच, त्यात वाद नाही. हिमनदीने कोरलेली सात किलोमीटरची दरी, हिरवं कुरण, शेवटी डोंगरांची भिंत आणि ९० मीटरचा रिंका धबधबा. १९८७ पासून संरक्षित आहे, गाडी आत न्यायला पैसे घेतात, पार्किंगपासून धबधबा दहा-पंधरा मिनिटांवर. सगळ्या बस तिकडेच जातात, सोल्चावातून जाताना ड्रायव्हर स्पीडसुद्धा कमी करत नाही.

पण ती दरी ज्यांनी जपली ती माणसं याच धर्मग्रामातली. लोगार, रॉबान, मात्क ही तिथल्या घरांची नावं, त्यावरून दऱ्यांची नावं पडली. तिकडे प्रत्येक शेतघराला नाव असतं आणि ते आडनावापेक्षा पक्कं, घर दुसऱ्याकडे गेलं तरी नाव तेच, नव्या माणसाला लोक घराच्या नावानेच ओळखतात. घरं एकमेकांपासून लांब, डोंगरात विखुरलेली, शेजारी म्हणजे समोरच्या उतारावरचा दिवा. अशी सगळी घरं रविवारी जिथे एकत्र यायची ती जागा म्हणजे कड्यावरचं हे चर्च. ते न बघता दरी बघणं म्हणजे वारीचे फोटो बघून पंढरपूर झालं म्हणण्यासारखं आहे. अर्धा दिवस द्या, एवढीच विनंती.

चर्चशिवाय गावात काय आहे?

सेंटर रिंका नावाचं माहिती केंद्र आहे, तिथून सुरुवात करा, नकाशे मिळतात, माणसं मदत करतात. या भागाला २००९ मध्ये युरोपियन एक्सलन्स डेस्टिनेशन म्हणून निवडलं होतं.

लोकरीच्या वस्तू नक्की बघा. येझेर्स्को-सोल्चावा नावाची मेंढीची स्थानिक जात आहे, पांढरी, आणि बऱ्याच मेंढ्यांच्या डोळ्याखाली काळा डाग असतो, अश्रू ओघळल्यासारखा. आपल्या घोंगडीसारखं विणत नाहीत, लोकर ओली करून दाबून दाबून नमदा करतात आणि त्याच्या चपला, टोप्या, पिशव्या बनवतात. गावातल्या बायकांनी हे काम पुन्हा उभं केलंय. माझ्या घरातल्या चपलांना पाच हिवाळे झाले.

मग पॅनोरमिक रोड आहे, ३७ किलोमीटर, शेतघरांच्या अंगणातून गेल्यासारखा जातो. त्या रस्त्याच्या वर, ओल्शेवा डोंगरात, पोतोच्का झियाल्का ही गुहा आहे. स्रेच्को ब्रोदार यांनी १९२८ ते १९३५ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि गुहेतल्या अस्वलांची हाडं, माणसाने केलेली हाडाची टोकं, आणि नेढं असलेली हाडाची सुई सापडली, तीस हजार वर्षांहून जुनी. हिमयुगात, सोळाशे मीटरच्या वर, कुणीतरी बसून कातडं शिवत होतं. चढ चांगलाच आहे, चप्पल घालून जाऊ नका.

खायला काय मिळतं? व्हेज लोकांचं काय?

नॉनव्हेजवाल्यांनी झेलोदेत्स खावं, डुकराचं मसाला लावलेलं वाळवलेलं मांस, या खोऱ्याचीच खासियत आणि नावाला कायद्याचं संरक्षण आहे. व्हेज लोकांना मासोव्निक, सायीत पीठ घालून आटवलेला जड पदार्थ, पोट भरतं. झ्गांत्सी म्हणजे पिठाची उकड, आपल्या उकडीची लांबची बहीण, पण वर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात म्हणून ऑर्डर देतानाच 'ब्रेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय असं स्पष्ट सांगा. सिर्नेक नावाचं आंबवलेलं चीज आहे, वास फार उग्र, आमच्या घरात दोनच जणांना आवडतं.

चर्चमध्ये आपण ख्रिश्चन नसलो तरी जाता येतं का? काही नियम?

जाता येतं. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असेल तर मागे शांत बसा किंवा संपेपर्यंत बाहेर थांबा, मध्ये फिरू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले बरे. टोपी पुरुषांनी काढायची. फ्लॅश नको. मिस्सेच्या वेळा आठवड्याप्रमाणे बदलतात, दाराजवळच्या बोर्डावर 'ओझ्नानिला' म्हणून कागद लावलेला असतो त्यात तारीख आणि वेळ असते, भाषा नाही कळली तरी आकडे कळतात. कधी चर्च बंद मिळालं तर निराश होऊ नका, सेंटर रिंकामध्ये विचारा. मेणबत्ती लावली तर पेटीत पैसे टाका, तिकीट नाही म्हणून फुकट समजू नका, त्या छपराचा खर्च पाचशे माणसांचं गाव करतंय.

कधी जावं?

मेचा शेवट ते सप्टेंबर उत्तम. कुरणातली फुलं जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी. हिवाळ्यात बर्फ भरपूर, रिंका गोठला तर त्याच्यावर बर्फावर चढणारे येतात, पण विंटर टायर आणि सवय नसेल तर गाडी चालवायचं धाडस नको.

आणि जमलं तर ५ ऑगस्टच्या आसपासचा रविवार धरा. आम्ही पूर येऊन गेल्यानंतरच्या वर्षी त्या सुमारास गेलो होतो. घंटा सुरू झाली तेव्हा आम्ही खाली नदीजवळ होतो, काठावर अजून मोठमोठे दगड आणि उन्मळलेली झाडं पडलेली, एक आजोबा काठी टेकत आमच्या पुढे चढण चढत होते. माझ्या मुलीने त्यांना 'दोबेर दान' म्हटलं, त्यांनी थांबून तिचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, आणि मग तिचा हात धरून उरलेली चढण चढले.